चरस, माजूम आणि अर्क : वसईपासून कलकत्त्यापर्यंत

आजचा विषय फलकावर लागला तेव्हा आयोजकांपैकी एका काकांनी आम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे चालेल ना? पोरंसोरं पण येतात." चालेल. आम्ही इथे काही बनवायला शिकवणार नाही, आणि कशाची तरफदारीही करणार नाही. आम्ही इतिहास वाचणारी माणसं. पण हा विषय आम्ही निवडला त्याला एक कारण घडलं, ते आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात किल्ल्यावरचं व्याख्यान संपल्यावर नालासोपाऱ्याचे एक गृहस्थ थांबले. सगळे पांगले तशी त्यांनी कापडी पिशवीतून एक छोटी बाटली काढली. बायकोला कॅन्सर, उपचार चालू, रात्री दुखणं सहन होत नाही. कुणा नातेवाइकाने ही बाटली आणून दिली होती. वर लिहिलेलं 'विजया अर्क'. म्हणजे भांगेचाच अर्क, नाव तेवढं सोवळं. ते म्हणाले, "सर, हे घाण्याच्या तेलासारखं असतं की रिफाइंडसारखं? केमिकल वापरून काढलेलं असेल तर तिच्या पोटात जायला नको."

आम्ही डॉक्टर नाही. ते आम्ही त्यांना सांगितलं, आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बाटली दाखवा असंही सांगितलं. पण घरी जाताना लक्षात आलं, की या माणसाने अगदी नेमका प्रश्न विचारला आहे. परदेशात जिथे या वनस्पतीचा उघड व्यापार चालतो तिथे आज हाच वाद पेटलेला आहे. सॉल्व्हंट वापरलेला अर्क की सॉल्व्हंटशिवायचा? आणि या वादाचा इतिहास शोधत मागे गेलं तर एक टोक इथे, आपल्या वसईत येऊन थांबतं.

आधी मामला काय आहे तो समजून घेऊ. भांग, गांजा आणि चरस या तीन वनस्पती नाहीत, झाड एकच आहे. पानं म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, आणि त्या शेंड्यांवर जी चिकट राळ येते ती वेगळी काढली की चरस. ही राळ बारीक केसांच्या टोकावरच्या ग्रंथींत साठते. ग्रंथी शंभर मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे साध्या डोळ्यांना पांढरट भुकटीसारख्या दिसतात. नशा म्हणा, औषध म्हणा, जे काही आहे ते मुख्यतः त्या राळेत.

आता ती राळ झाडापासून वेगळी काढायची तर रस्ते दोनच. पहिला, ग्रंथीच उचलून घ्यायच्या. हाताने चोळून, चाळणीने चाळून, थंड पाण्यात झटकून किंवा उष्णता देऊन दाबून. दुसरा, राळ एखाद्या द्रवात विरघळवायची, चोथा फेकायचा, मग तो द्रव उडवून लावायचा. घाण्यात शेंगदाणा दाबून तेल निघतं तो पहिला रस्ता. मोठ्या गिरणीत पेंडीवर हेक्झेन सोडून उरलंसुरलं तेल धुऊन काढतात आणि हेक्झेन उडवून परत वापरतात, तो दुसरा. त्या काकांनी दिलेली उपमा म्हणजे पुस्तकातली व्याख्याच होती.

आता वसई. २३ डिसेंबर १५३४ ला गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना लिहून दिली, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. हुमायून पाठीशी लागला होता, सुलतानाला दोस्त हवे होते, गव्हर्नर नुनो द कुन्याने किंमत वसूल केली. पण त्याच वर्षी, काही महिने आधी, पोर्तुगालहून एक आरमारी कप्तान गोव्यात उतरला होता, मार्तिम आफोन्सो द सोझा. त्याच्याबरोबर त्याचा वैद्य आला, गार्सिया द ओर्ता. हा ओर्ता पुढे जन्मभर हिंदुस्थानातच राहिला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं, आणि ती मुंबई तेव्हा वसईच्या कारभाराखाली. म्हणजे आजच्या भाषेत आपल्या तालुक्याच्या हद्दीतला जमीनदार! (हशा)

१५६३ साली गोव्यात त्याचं औषधींवरचं पुस्तक छापलं गेलं, संवादांच्या रूपात. हिंदुस्थानात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या काही पुस्तकांपैकी ते एक. त्यात एक अख्खा संवाद भांगेवर आहे. तिथे तो आपल्या मालकाने, म्हणजे मार्तिम आफोन्सोने, ऐकलेली गोष्ट सांगतो. सुलतान बहादूर म्हणे, रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराण पाहून यावंसं वाटलं की थोडी भांग घेतली की काम होतं. ब्राझील कुठून आलं, असं आम्हाला वाटायचं. मग लक्षात आलं, मार्तिम आफोन्सो हिंदुस्थानात येण्याआधी ब्राझीलची मोहीम करून आला होता. पाहुण्याच्या गप्पांतला मुलूख सुलतानाच्या प्रवासात शिरला. ज्याने वसई दिली त्या सुलतानाची ही एक माणूसपणाची खूण कागदावर राहिली, ती एका वैद्यामुळे.

ओर्ताने कृतीही नोंदवली आहे. पानं कुटायची, कधी बीसुद्धा. त्यात हिरवी सुपारी, जायफळ, जायपत्री, लवंग. श्रीमंतांकडे कापूर, अंबर, कस्तुरी, कधी अफूदेखील. साखर घालून खायची. ही कृती वाचताना आमच्या डोक्यात सरळ माजूम येतो. या ओर्ताचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. तो १५६८ मध्ये वारला. घराणं मूळचं ज्यू. इन्क्विझिशनने आधी त्याच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढून जाळली. पुस्तक उरलं.

माजुमाकडे येऊ, कारण इथे गंमत आहे. भांग घोटतात ती पाण्यात. पण या राळेतला मुख्य पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. घोटलेल्या भांगेत तो पानाच्या कणांबरोबर तरंगत पोटात जातो, आणि दूध घातलं असेल तर दुधातल्या स्निग्धांशाला चिकटतो. म्हणून आपल्याकडे भांग आधी पाण्याने स्वच्छ धुतात. आयुर्वेदातल्या शोधनातही भांगेचं पाणी हिरवं येईनासं होईपर्यंत धुवायला आणि मग तुपात परतायला सांगितलेलं आहे. हिरवा रंग आणि कडूपणा पाण्याबरोबर गेला, कामाची गोष्ट मागे राहिली. आता माजूम. तिथे भांग पाणी आणि तुपात उकळतात, गाळतात, पाणी टाकून देतात आणि तूप ठेवतात. राळ तुपात उतरलेली असते. मग साखर, दूध, वड्या.

म्हणजे काय झालं? तूप हा सॉल्व्हंट आहे, मंडळी. ज्याला आपण घरगुती, सात्त्विक, आजीच्या हातचं म्हणतो तो माजूम तांत्रिक भाषेत सॉल्व्हंटने काढलेला अर्क आहे. आणि बर्फाच्या पाण्यात झटकून काढलेला चरस, जिथे सगळी बादली पाण्याने भरलेली असते, तो सॉल्व्हंटशिवायचा, कारण पाणी तिथे काही विरघळवत नाही, फक्त धुतं. नैसर्गिक एका बाजूला आणि केमिकल दुसऱ्या बाजूला, अशी रेघ इथे ओढताच येत नाही. आम्ही ती बरीच वर्षं ओढत होतो, हे कबूल करतो.

हे सगळं पहिल्यांदा तपासून लिहिलं ते कलकत्त्यात. विल्यम ओशॉनेसी, आयरिश माणूस, १८३५ साली स्थापन झालेल्या कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनाचा प्राध्यापक. हाच पुढे हिंदुस्थानातल्या तारायंत्राचा जनक. १८३९ मध्ये त्याने गांजावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. आम्हाला त्याची एक गोष्ट फार आवडते. तो आधी बाजारात गेला. माजूम करणाऱ्यापुढे बसून तूप, पाणी, साखर सगळं नोंदवून घेतलं. मग प्रयोगशाळेत येऊन पाहिलं, की राळ दारूत आणि ईथरमध्ये उतरते, तेलात उतरते, पाण्यात उतरत नाही. मग गांजाचे शेंडे मद्यार्कात उकळून, तो मद्यार्क उडवून त्याने घट्ट अर्क काढला. तो पुन्हा मद्यार्कात मोजून मिसळला की टिंक्चर. आधी जनावरांवर, मग धनुर्वात, पटकी, पिसाळलेल्या कुत्र्याचं विष, तान्ह्या मुलाचे झटके. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोगी वाचला नाही, पण त्याचे शेवटचे तास शांत गेले, असं तो लिहितो. नालासोपाऱ्याच्या काकांना जे हवं होतं ते एवढंच होतं.

पुढच्या काही वर्षांत हा माल लंडनला पोचला. पीटर स्क्वायर नावाच्या औषधविक्याने त्याचा अर्क बाजारात आणला. एडिंबरोच्या टी. आणि एच. स्मिथ बंधूंनी १८४६ मध्ये आणखी एक पायरी चढली. आधी कोमट पाण्याने आणि सोड्याने धुवायचं, मग मद्यार्क, मग चुना, आम्ल, कोळसा. शेवटी निघाली ती जवळजवळ शुद्ध राळ. पहिली पायरी पाहिलीत? धुणं. आपल्या शोधनातलीच. स्मिथ बंधूंना ते ठाऊक असेल असं आम्ही म्हणत नाही. राळ पाण्यात विरघळत नाही हे कळलेला कोणीही माणूस आधी पाण्याने धुणारच.

आणि मग गाडी अडली. कशावर, तर मापावर. एका बाटलीतले वीस थेंब लागू पडायचे, दुसऱ्या बाटलीतले वीस थेंब काहीच करायचे नाहीत, तिसरीने रोगी भ्रमिष्ट व्हायचा. राणी व्हिक्टोरियाच्या वैद्यांपैकी रसेल रेनॉल्ड्स यांनी १८९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपला तीस वर्षांचा अनुभव लिहिला. त्यात औषधाची तारीफ आहे आणि याच चंचलपणाबद्दल इशाराही आहे. अर्क कशात काढला यापेक्षा त्यात किती काय उतरलं हे मोजता येत नव्हतं, हे खरं दुखणं. तोवर मॉर्फिन आलं, सुई आली. मॉर्फिनचा क्षार पाण्यात विरघळतो म्हणून सुईतून देता येतो, राळ देता येत नाही. ब्रिटिश फार्माकोपियातून गांजाचा अर्क १९३२ मध्ये गेला, अमेरिकन फार्माकोपियातून १९४२ मध्ये.

तोवर इकडे मुंबई इलाख्यात काय चाललं होतं? वसई-ठाण्याच्या बाजूला अबकारी म्हटलं की ताडी-माडी. गांजा पिकायचा घाटावर, प्रामुख्याने नगरकडे. कोकणच्या दमट हवेत ते पीक कोण घेणार? गांजा आपल्याकडे पायाने तुडवून चपटा करत. शेंडे उन्हात पसरायचे, माणसांनी ओळीने तुडवायचे, ढीग करायचा, उलटायचा, पुन्हा तुडवायचं. राळ त्या दाबाने शेंड्यालाच घट्ट बसते आणि प्रवासात झडत नाही. नर झाडं आधीच उपटायची, म्हणजे बी धरत नाही आणि राळ वाढते. यात ना तूप, ना दारू. पण राळ वेगळी काढायचीच नाही, हा आपल्या शेतकऱ्याचा मार्ग. चरस इथे जवळजवळ होतच नसे. तो यारकंदहून लेहमार्गे होशियारपूर-अमृतसरला कातड्याच्या पिशव्यांत यायचा. वाळलेलं झाड झोडपून, चाळून काढलेली भुकटी ती. हिमाचलातल्या मलाण्याचा चरस मात्र ओल्या फुलोऱ्यावर तळहात चोळून काढलेला. चाळणं आणि चोळणं, सॉल्व्हंटशिवायचे हे दोन घराणी प्रकार.

१८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानातल्या गांजाविषयी प्रश्न विचारला गेला. जुलैत आयोग नेमला गेला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, सभासद सात, त्यातले तीन हिंदी. मुंबई इलाख्यातले ओमनी होते, आणि रसायनासाठी कलकत्त्याचे प्राध्यापक वॉर्डन. हे वॉर्डन म्हणजे मुंबईच्या डॉ. डायमॉक यांच्याबरोबर 'फार्माकोग्राफिया इंडिका' लिहिणाऱ्या तिघांपैकी एक. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या. कलेक्टर, वैद्य, साधू, शेतकरी, मिशनरी, सगळे. नमुने तपासून घेतले. वेड्यांच्या इस्पितळातल्या नोंदी एकेक उलगडल्या, तर कित्येक ठिकाणी आजाराचं कारण म्हणून 'गांजा' हे पोलिसानेच भरलेलं निघालं. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की माफक सेवनाने सहसा मोठं नुकसान दिसत नाही, अतिसेवनाने होतं. म्हणून बंदी नको, कर आणि नियंत्रण हवं. सरकारला महसूल हवा होता, हे विसरायचं नाही. पण साक्षी वाचल्या की वाटतं, निदान विचारलं तरी सगळ्यांना.

राळेत नेमकं काय आहे हे कळायला आणखी सत्तर वर्षं गेली. १८९६ मध्ये केंब्रिजच्या वुड, स्पिव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी हिंदुस्थानी चरस ऊर्ध्वपातित करून एक लाल तेल काढलं. त्यांना वाटलं हाच तो पदार्थ. ते मिश्रण होतं. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये गावनी आणि मेखूलम यांनी पोलिसांनी पकडलेल्या चरसातून टीएचसी शुद्ध वेगळं केलं आणि त्याची रचना मांडली. तेव्हापासून 'किती' हा प्रश्न सुटण्याजोगा झाला. आज यंत्रावर नमुना ठेवला की टक्केवारी कागदावर येते. रेनॉल्ड्स यांना हा कागद मिळाला असता तर कदाचित इतिहास वेगळा झाला असता. हे असलं बोलू नये, पण बोललो.

नंतरचं थोडक्यात. १९९० च्या दशकात अॅमस्टरडॅमच्या मिला यान्सन यांनी कपडे वाळवायचं यंत्र फिरताना पाहून चाळण्याचं यंत्र केलं, पुढे बर्फाच्या पाण्याच्या पिशव्याही. या बाई त्याआधी बरीच वर्षं भारतात राहिलेल्या. म्हणजे यारकंदची चाळणी युरोपात जाऊन विजेवर चालायला लागली. दुसरीकडे अमेरिकेत ब्युटेन गॅसने राळ धुऊन काढायची टूम आली आणि घरांत स्फोट होऊ लागले. ब्युटेन म्हणजे आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊ. आपल्या पूर्वेकडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा तारापूरला काम केलेले जे इथे बसलेत त्यांना सॉल्व्हंट म्हणजे काय आणि ठिणगी म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको. त्याची प्रतिक्रिया म्हणून उष्णता देऊन दाबायची पद्धत आली आणि 'सॉल्व्हंटशिवाय' हा शब्द पाटीवर चढला, जास्त दराने.

त्या पाटीत खरं किती? ज्वालाग्राही वायू नाही, मागे सॉल्व्हंट उरत नाही, हे खरं. पण ती सौम्य असते हे खरं नाही. चांगल्या मालाची दाबून काढलेली राळही सत्तर टक्क्यांपर्यंत जाते, गांजाच्या कितीतरी पट. शेतात फवारलेलं कीटकनाशकही राळेबरोबर दाटतं, मग ती दाबा की विरघळवा. आणि सॉल्व्हंट वापरलेलं सगळं वाईट, हेही नाही. फेफऱ्याच्या काही दुर्मीळ प्रकारांवर २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं कॅनाबिडिऑलचं औषध झाडातूनच काढून शुद्ध केलेलं आहे. औषधशास्त्रात उरलेल्या सॉल्व्हंटला मर्यादा घातलेल्या असतात. हेक्झेनला दहा लाखांत २९० भाग, मद्यार्काला ५,०००. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुप्फुसांचा जो आजार पसरला, ज्यात ६८ माणसं गेली, त्यात मुख्य संशयित ठरलं ते वरून मिसळलेलं व्हिटॅमिन ई असिटेट. काढायची पद्धत राहिली बाजूलाच, भेसळीने मारलं.

आता कायदा, कारण खिशात बाटली घेऊन फिरणाऱ्याला तो माहीत हवा. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात चरसाच्या व्याख्येत वेगळी काढलेली राळ येते. कोणत्याही रूपातली, कच्ची असो वा शुद्ध केलेली, आणि हशिश ऑइलसुद्धा. मलाण्याच्या तळहातावरची आणि प्रयोगशाळेतली, कायद्याला दोन्ही सारख्या. तिथे सॉल्व्हंटचा वाद चालत नाही. शंभर ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा, एक किलोपासून व्यापारी. गांजाला तेच आकडे एक किलो आणि वीस किलो. म्हणजे राळ वेगळी केली की कायद्याच्या तराजूत तोल एकदम बदलतो. आणि २०२० च्या हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मिश्रण असेल तर अख्ख्या मिश्रणाचं वजन धरायचं, शुद्ध भागाचं नव्हे. शेंड्यांशिवायची पानं मात्र गांजाच्या व्याख्येबाहेर राहिली, आणि पानांपासून केलेली 'विजया'ची औषधं आयुष परवान्याखाली विकली जातात ती त्या फटीतून. महाराष्ट्रात त्यावर १९४९ चा दारूबंदी कायदा आहेच. आयुर्वेदिक औषधांच्या नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावं, हा इशारा बाटलीवर छापावा लागतो.

त्या काकांच्या बाटलीवर तो इशारा होता. परवाना क्रमांक होता. टक्केवारी नव्हती, आणि कशात काढलं तेही नव्हतं. आम्ही त्यांना फोनवर एवढंच सुचवलं, की विकणाऱ्याकडे दोन कागद मागा. एक, त्याच बॅचमध्ये काय किती आहे त्याचा तपासणी अहवाल. दुसरा, उरलेल्या सॉल्व्हंटचा आणि कीटकनाशकांचा. आणि दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण तिची बाकीची औषधं त्यांनाच ठाऊक आहेत. विक्रेत्याने एक माहितीपत्रक पाठवलं, त्यात हिमालयाचं चित्र होतं. अहवाल नव्हता. डॉक्टरांनी ती बाटली बाजूला ठेवली आणि मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या मिळवण्यासाठी काकांना दोनदा मुंबईला जावं लागलं, विरार लोकलने, गर्दीच्या वेळेला. गोळ्यांनी तिला झोप लागली असं त्यांनी नंतर कळवलं. बाटली अजून त्यांच्या फडताळात आहे. आज ते इथे येणार होते, पण घरून निघता आलं नाही.

प्रश्न असतील तर विचारा. त्या मागच्या बाकावरच्या मुलाचा हात मघापासून वर आहे, त्याला आधी घेऊ.